आचार्य विनोबा भावे : निःशस्त्रीकरणाचा पदयात्री



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एक चरित्रपर लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळींची आज्ञा झाली. मी आसेगावातील एक कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि थेट गादीवर बसलो. लेखणीचा संबंध आला तो रोजमेळ आणि खतावणीपुरताच. तरीही आज्ञा मोडवेना. विषयाचा विचार करू लागताच एकच नाव डोळ्यांपुढे उभे राहिले, ते आचार्य विनोबा भावे यांचे.

विनोबाजी जन्माने जैन नव्हते. परंतु भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या ज्या काळात आपल्यासारख्या अनेक संस्था उभ्या राहिल्या, त्याच काळात जैनांच्या सर्व आम्नायांना एका ग्रंथावर एकत्र आणण्याचे पुण्यकार्य त्यांच्या प्रेरणेने घडले. अहिंसा ही एकट्यादुकट्या साधकाची साधना न राहता गावांची आणि राष्ट्रांची रीत व्हावी, यासाठी त्यांनी आपला देह झिजवला. त्यांची कर्मभूमी पवनार ही आपल्याच विदर्भात आहे. म्हणून हे अल्पसे चरित्रस्मरण.

शांतता पुरस्कार आणि त्याचे उमेदवार

जगातील सर्वांत मोठा शांतता पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो ते आल्फ्रेड नोबेल हे डायनामाइटचे जनक. स्फोटक द्रव्यांच्या व्यवसायातून त्यांनी अमाप संपत्ती मिळविली आणि २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे आपल्या मृत्युपत्रावर सही केली. राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढविणाऱ्या, खडी सैन्ये कमी करण्यासाठी किंवा नाहीशी करण्यासाठी झटणाऱ्या आणि शांतता परिषदा भरविणाऱ्या व्यक्तीस या संपत्तीचा एक वाटा दरवर्षी मिळावा, अशी व्यवस्था त्यांनी त्यात केली. निःशस्त्रीकरण हा विषय अशा रीतीने त्या पुरस्काराच्या मुळाशीच आहे.

या पुरस्कारासाठी कोणालाही स्वतःचे नाव सुचविता येत नाही. संसद सदस्य, मंत्री, विद्यापीठांतील ठराविक विषयांचे प्राध्यापक, पूर्वीचे मानकरी अशा अधिकारी व्यक्तींनी ३१ जानेवारीपूर्वी नाव सुचवावयाचे असते, आणि सुचविलेली नावे समिती पन्नास वर्षे गुप्त ठेवते. पूज्य गांधीजींचे नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशा पाच वर्षी सुचविले गेले. पुरस्कार मात्र त्यांना मिळाला नाही. त्यांच्या हत्येनंतर, १९४८ साली, तो कोणालाच दिला गेला नाही.

नोबेल यांनी मृत्युपत्र केले त्याच १८९५ साली, ११ सप्टेंबर रोजी, कोकणातील गागोदे या लहानशा गावी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे विनोबा झाले. नोबेल पुरस्कार त्यांच्याही वाट्याला आला नाही. परंतु शांतीच्या कामासाठी त्यांचे नाव एका फार मोठ्या अधिकारी पुरुषाने पुढे केले होते. तो प्रसंग पुढे येईलच.

बालपण आणि गृहत्याग

गागोदे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातले गाव. विनोबांचे वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. रसायने आणि कापडाचे रंग हा त्यांच्या आवडीचा व अभ्यासाचा विषय होता. माझ्यासारख्या कापडवाल्यास याचे विशेष अप्रूप वाटते. आई रुक्मिणीबाई अत्यंत श्रद्धाळू. घरात फणस फोडला की त्यातील वाटे प्रथम शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवावयास त्या लहान विनायकाला पाठवीत, आणि त्यानंतरच घरातल्यांची पाने मांडली जात. देण्यातले सुख त्या मुलाला असे कोवळ्या वयातच कळले.

पुढे बडोद्यास शिक्षण झाले, पण मन पुस्तकी परीक्षांत रमेना. आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या समक्ष चुलीत टाकली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जाणाऱ्या गाडीत बसले आणि वाटेत सुरतेस उतरून काशीची गाडी धरली. काशीत असता गांधीजींच्या भाषणाची वार्ता त्यांच्या कानी आली, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गुरुशिष्यांची पहिली भेट झाली. एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेऊन ते विदर्भात आले आणि अखेरपर्यंत विदर्भाचेच होऊन राहिले.

१९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांना शिक्षा झाली आणि काही काळ ते अकोल्याच्या तुरुंगात होते. आपला वाशीम तालुका त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होता, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतल्यामुळे आज घरोघरी पोहोचली आहेत. १९३८ मध्ये प्रकृती फार खालावली, तेव्हा ते धाम नदीच्या काठी पवनारला राहावयास आले.

गांधीजींनी पुढे केलेले नाव

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानच्या लोकांना न विचारता इंग्रज सरकारने देशाला युद्धात ओढले. याविरुद्ध गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाची योजना आखली. लाखोंचा जमाव न करता निवडक, शुद्ध आचरणाच्या माणसांनी एकेकट्याने युद्धाचा निषेध करावा, अशी ती कल्पना होती. पहिला सत्याग्रही कोण, याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले होते. मोठमोठे पुढारी हाताशी असताना गांधीजींनी नाव दिले ते विनोबांचे. दुसरे नाव होते पंडित जवाहरलाल नेहरूंचे.

देशाला हे पहिले नाव परिचयाचे नव्हते. म्हणून गांधीजींनी आपल्या हरिजन पत्रात विनोबांचा परिचय करून देणारा लेख लिहिला. त्यात त्यांनी संस्कृतचे ज्ञान सांगितले, सूतकताईतील कौशल्य सांगितले, आश्रमातील संडास सफाईपासून स्वयंपाकापर्यंत प्रत्येक काम या माणसाने केल्याचे सांगितले, आणि अस्पृश्यता व धर्मभेद त्याच्या मनातून पार गेल्याचे सांगितले. शांतीच्या कामासाठी केलेली ही खरीखुरी शिफारस होती. तीत भाषणांचा किंवा पदांचा उल्लेख नव्हता, रोजच्या आचरणाचा होता.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी भाषण करून सत्याग्रह आरंभिला. युद्धाला माणूस अथवा पैसा देऊन मदत करणे चूक आहे, हा त्याचा आशय होता. चार दिवसांनी अटक झाली. सुटल्यावर पुन्हा तेच भाषण, पुन्हा तुरुंग, असे तीन वेळा घडले.

पोचमपल्ली आणि भूदान

स्वातंत्र्यानंतर तेलंगणात जमीनदार व भूमिहीन यांच्यात सशस्त्र झगडा पेटला होता. एका बाजूला कम्युनिस्टांच्या बंदुका, दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या, आणि मध्ये भरडला जाणारा गरीब शेतकरी. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलनानंतर हैदराबादच्या तुरुंगात जाऊन त्यांनी कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग तेलंगणाच्या गावांत शिरले. १८ एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याचा विचार बाजूला ठेवून विनोबांनी तो प्रश्न गावापुढेच मांडला. तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना झोप आली नाही. जे काम बंदुकीने झाले नव्हते ते मागण्याने झाले होते.

मग तेरा वर्षे हा मनुष्य गावोगाव चालत राहिला. एप्रिल १९६४ मध्ये तो पवनारला परतला. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे झाली. हिशेबाच्या माणसाने दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ठरविलेले उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. दान मिळालेल्या जमिनीपैकी काही नापीक निघाली, काही वादात अडकली, आणि मोठा भाग वाटपापर्यंत पोहोचला नाही. जमेची बाजू अशी की, एका एकरासाठी सख्खे भाऊ ज्या देशात कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तेथे लाखो माणसांनी स्वखुशीने आपल्या मालकीवर पाणी सोडले. आपल्याकडे श्रावकाला परिग्रह परिमाणाचे व्रत सांगितले आहे. विनोबांनी तेच व्रत गावाला सांगितले, असे मला वाटते.

सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमधील वैद्यनाथधाम येथे हरिजनांसह मंदिरदर्शनास गेले असता पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. कानाला मार बसून ऐकण्याची शक्ती मंदावली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, अशीच इच्छा त्यांनी व्यक्त केली.

लहान शस्त्रे आणि मोठी शस्त्रे

हिरोशिमा आणि नागासाकीनंतर जगात अण्वस्त्रांची स्पर्धा लागली होती. या विषयावर विनोबांचा विचार ऐकणाऱ्यास चकित करणारा होता. मोठ्या अस्त्रांपेक्षा लहान शस्त्रांची आपल्याला अधिक काळजी वाटते, असे ते मांडीत. अणुबॉम्बने माणूस भयभीत झाला आहे आणि त्या भयातूनच तो शहाणपणाकडे येईल. परंतु काठी, सुरा, बंदूक आणि त्याआधी मनातील वैर ही शस्त्रे माणसाला आपली वाटतात, आणि ती तो टाकत नाही. विज्ञान आणि हिंसा एकत्र आली तर सर्वनाश, विज्ञान आणि अहिंसा एकत्र आली तर सर्वांचा उदय, हा त्यांचा सिद्धान्त होता. राष्ट्रे एकमेकांच्या भीतीने शस्त्रे वाढवितात, म्हणून दुसऱ्याची वाट न पाहता कोणीतरी आधी शस्त्र खाली ठेवावे, असा त्यांचा आग्रह असे.

जैन परिभाषेत आपण द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करतो. त्याच न्यायाने निःशस्त्रीकरणही दोन प्रकारचे म्हणता येईल. करारमदारांनी होते ते द्रव्य निःशस्त्रीकरण. मनातून होते ते भाव निःशस्त्रीकरण. विनोबांचा सारा भर दुसऱ्यावर होता, कारण त्यावाचून पहिले टिकत नाही.

हा केवळ विचार नव्हता. १९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेना उभी केली. दंगल होईल तेथे निःशस्त्र जाऊन मध्ये उभे राहणे आणि शांततेच्या काळात गावाची सेवा करणे, हे तिचे काम. त्याच वर्षी कर्नाटकाच्या पदयात्रेत त्यांनी जय जगत् हा घोष दिला. १९५८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार सुरू झाला आणि लोकनेतृत्वासाठीचा पहिला पुरस्कार विनोबांना मिळाला.

मे १९६० मध्ये त्यांच्या विचाराची कसोटी चंबळच्या खोऱ्यात लागली. फाशीची शिक्षा झालेला तहसीलदारसिंह हा प्रसिद्ध दरोडेखोर मानसिंह याचा मुलगा. त्याने नैनीच्या तुरुंगातून विनोबांना पत्र लिहून खोऱ्यात येण्याची विनंती केली. मेजर जनरल यदुनाथसिंह यांनी मध्यस्थी केली. विनोबा पायी गेले आणि वीस दरोडेखोरांनी आपल्या बंदुका त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या. त्यांना माफी मिळाली नाही. ते न्यायालयापुढे उभे राहिले आणि त्यांनी शिक्षा भोगली. पोलिस खात्यातून या प्रकारावर टीका झाली. परंतु पुढे माधोसिंह विनोबांकडे आला, विनोबांनी त्याला जयप्रकाशजींकडे पाठविले, आणि १९७२ साली शेकडो दरोडेखोर शरण आले. तेव्हा १९६० च्या पेरणीचे पीक दिसून आले.

बिनपैशांची जगयात्रा

१९६१ साली इंग्लंडमध्ये अण्वस्त्रविरोधी निदर्शनांबद्दल ८९ वर्षांच्या बर्ट्रांड रसेल यांना तुरुंगवास झाला. ती बातमी वाचून सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन भारतीय तरुण अस्वस्थ झाले. इतका वृद्ध तत्त्ववेत्ता तुरुंगात जातो आणि आपण तरुण स्वस्थ बसतो, ही बोच त्यांना लागली. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशांच्या राजधान्यांपर्यंत पायी जाण्याचा त्यांनी निश्चय केला. यातील सतीशकुमार हे वयाच्या नवव्या वर्षी तेरापंथात मुनिदीक्षा घेतलेले आणि तारुण्यात ती सोडून विनोबांच्या चळवळीत आलेले.

विनोबांनी आशीर्वाद देताना दोन अटी घातल्या. जवळ पैसा ठेवावयाचा नाही आणि आहार शाकाहारीच ठेवावयाचा. पैसा असला की प्रवासी थकून हॉटेलात शिरतो आणि कोणाशी न बोलता झोपतो. पैसा नसला की त्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागते. शाकाहार म्हटला की यजमान कारण विचारतो, आणि तेथून अहिंसेची गोष्ट सुरू होते. आपल्या मुनिमहाराजांचा विहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना या अटींचे मर्म वेगळे सांगावयास नको.

१ जून १९६२ रोजी राजघाटावरून निघालेले हे दोघे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण या मार्गाने मॉस्कोला पोहोचले आणि पुढे पॅरिस, लंडन व वॉशिंग्टनला गेले. समुद्र ओलांडावयाचा तेवढाच बोटीने. वाटेत सोव्हिएत देशातील चहाच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांनी त्यांना चहाची चार पाकिटे दिली. चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना ती द्यावीत आणि अणुबॉम्बचे बटण दाबण्याचा विचार मनात आला तर आधी हा चहा करून प्यावा, असा त्यांचा निरोप होता. ती पाकिटे चारही राजधान्यांत पोहोचती झाली. त्यामुळे एकही बॉम्ब कमी झाला नाही, हे खरे. पण भारतातून निघालेली दोन रिकाम्या हातांची माणसे जगभरच्या घरांतून जेवत गेली आणि कोठेही शत्रू भेटला नाही, हेही तितकेच खरे.

१९६२ ची कसोटी

सप्टेंबर १९६२ मध्ये विनोबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस पायी चालले. फाळणीचे घाव ताजे असताना तेथील शेतकऱ्यांनीही त्यांना भूदान दिले. आणि पुढच्याच महिन्यात, २० ऑक्टोबर रोजी, चीनने भारतावर मोठा हल्ला चढविला.

जगातील शांततावादी मंडळी विनोबांकडे आशेने पाहत होती. शांतिसेना सीमेवर जाऊन दोन सैन्यांच्या मध्ये उभी राहील काय, हा प्रश्न होता. ती गेली नाही. चीन आक्रमक आहे असे विनोबांनी सांगितले, आणि सैन्याने शस्त्र ठेवावे असे त्या घडीला सांगितले नाही. अनेकांची निराशा झाली. आपल्या शास्त्रात गृहस्थाकडून होणाऱ्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे प्रकार सांगितले आहेत. श्रावकाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा, परंतु आत्मरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे वास्तव तेथे मान्य केले आहे. विनोबांची अडचण मला या भेदातून थोडीबहुत समजते. तरीही ती अडचण होतीच, हे लपविण्यात अर्थ नाही.

मूळचे भोरचे शंकरराव देव यांनी मात्र १ मार्च १९६३ रोजी दिल्लीहून पेकिंगकडे मैत्री यात्रा काढली. देशात काहींनी त्यांना देशद्रोही ठरविले आणि चीनने प्रवेश दिला नाही. यात्रा भारताच्या हद्दीतच संपली. शांतीच्या उमेदवाराला दोन्हीकडून बोल खावे लागतात, हा धडा या महाराष्ट्रपुत्राने दिला.

समणसुत्तं

गीतेच्या खालोखाल आपल्यावर महावीरांचा प्रभाव आहे, असे विनोबा सांगत. प्रत्येक धर्माचे सार एका लहान ग्रंथात यावे, ही त्यांची जुनी इच्छा. बौद्धांना धम्मपद आहे; जैनांचे ग्रंथ अनेक, परंतु सर्व आम्नायांना मान्य असा एक ग्रंथ नाही, ही उणीव त्यांनी वारंवार बोलून दाखविली. हे काम पूज्य जिनेंद्र वर्णीजींनी अंगावर घेतले. संकलनाचे मसुदे विद्वानांकडे आणि मुनिवरांकडे पाठविले गेले, सूचना आल्या, पुन्हा पुन्हा बदल झाले. अखेर २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्लीत संगीती भरली आणि दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी व तेरापंथी अशा चारही परंपरांचे आचार्य, मुनी व विद्वान एकत्र बसले. ७५६ गाथांचा ग्रंथ सर्वमान्य झाला. ज्योतिर्मुख, मोक्षमार्ग, तत्त्वदर्शन आणि स्याद्वाद असे त्याचे चार खंड. १९७५ साली सर्व सेवा संघाने तो प्रकाशित केला.

याच १९७४ सालच्या १८ मे रोजी पोखरण येथे आपल्या देशाने पहिली अणुचाचणी केली होती. एकाच वर्षी एकाच देशात घडलेल्या या दोन घटना. पहिलीची बातमी साऱ्या जगात गाजली. दुसरीची आपल्याच तरुण पिढीला आज माहिती नाही, याची खंत वाटते.

अखेरचा काळ

२५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी एक वर्षाचे मौन घेतले. मधल्या काळात, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. मौनात लिहून दाखविलेल्या अनुशासन पर्व या शब्दांचा सरकारने प्रचारासाठी भरपूर उपयोग केला. जयप्रकाशजी तुरुंगात असताना विनोबांनी स्पष्ट विरोध करावयास हवा होता, असे अनेकांना वाटले आणि महाराष्ट्रात त्यांच्यावर कठोर टीका झाली. आचार्यांची सभा बोलावून परिस्थिती पूर्ववत करण्याचा सल्ला त्यांनी पुढे दिला, पण तो डाग पूर्णपणे धुतला गेला नाही. चरित्र सांगावयाचे तर हे पानही वगळता येत नाही.

नोव्हेंबर १९८२ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. थोडे बरे वाटत असतानाच ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. पंतप्रधानांसह अनेकांनी विनवणी केली, परंतु निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी त्यांनी देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाण कल्याणकाचा होता. समणसुत्तात संलेखनेचे प्रकरण आहे. ते ज्याने वाचले आहे त्याने या प्रसंगाचा अर्थ आपल्या मनाशी लावावा.

मी तेव्हा नुकताच पदवी घेऊन दुकानात बसू लागलो होतो. वहीपूजनाची तयारी चालली असता आकाशवाणीवर बातमी आली. वडिलांनी हातातले कुंकवाचे करंडे खाली ठेवले आणि काही क्षण डोळे मिटून बसले. त्याच १५ नोव्हेंबरला मॉस्कोच्या लाल चौकात सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचा अंत्यविधी झाला. तेथे तोफेच्या गाड्यावरून शवपेटी नेली गेली, आणि इकडे धाम नदीच्या काठी एका फकिराला निरोप दिला गेला. भारत सरकारने १९८३ साली विनोबांना मरणोत्तर भारतरत्न अर्पण केले.

आपल्या दारातील निःशस्त्रीकरण

१९८० च्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रे होती, आज ती सुमारे १२ हजार आहेत. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ साली झाला आणि जानेवारी २०२१ पासून अमलात आला, पण अण्वस्त्रे असलेल्या एकाही देशाने त्यावर सही केलेली नाही. २०२४ चा नोबेल शांतता पुरस्कार हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या जपानी वृद्धांच्या संघटनेला मिळाला. हे सारे मोठ्या लोकांचे, मोठ्या राष्ट्रांचे काम आहे. आसेगावच्या बाजारपेठेतील माणसाने यात काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील.

उत्तर विनोबांनी देऊन ठेवले आहे : लहान शस्त्रांपासून आरंभ करावा. आपल्याच जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांच्या तीर्थावरून दोन बंधुआम्नायांचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयातही गाजला. कोणाची बाजू खरी हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि येथे तो विषयही नाही. १९७४ साली दिल्लीत जे एकत्र बसले ते आपलेच गुरुजन होते, एवढेच स्मरण करून देतो.

दुसऱ्यांचे सांगितले, आता स्वतःचे सांगतो. वडिलांच्या पश्चात गोदामाच्या एका सामाईक भिंतीवरून माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा दावा अकरा वर्षे चालला. तारखेला आम्ही दोघे एकाच एस.टी.ने जात असू, तो पुढच्या बाकावर आणि मी मागच्या. दरवर्षी क्षमापनेची छापील कार्डे माझ्या दुकानातून सुरत-इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांपर्यंत जात. बोळ ओलांडून भावाच्या दारात मात्र मी गेलो नाही. एकदा वर्ध्यास लग्नाला गेलो असता पवनारला थांबलो आणि समणसुत्तंची प्रत घेऊन आलो. ती वाचताना, ज्या माणसाने कानावर मार खाऊनही मारणाऱ्याला शिक्षा नको म्हटले त्याच्या प्रेरणेचा ग्रंथ आपण हातात घेतला आहे आणि उद्या आपली तारीख आहे, हे ध्यानात आले. त्या तारखेला मी दावा मागे घेतला. वकिलांनी वेड्यात काढले. बंधू तेव्हा काहीच बोलले नाहीत. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी ते दुकानात येऊन गादीवर बसले, आणि त्यानंतर जवळजवळ रोज येत राहिले. चार वर्षांनी ते गेले. अकरा वर्षे मी घालविली आणि चार वर्षे मला मिळाली. या खात्यात नफा म्हणावा असे काही नाही, परंतु आणखी उशीर केला असता तर ती चारही गेली असती.

ऑस्लोच्या पुरस्कारासाठी कोणालाही आपले नाव आपण सुचविता येत नाही. घरच्या, गल्लीतल्या आणि समाजातल्या शांतीसाठी मात्र उलट नियम आहे. तेथे दुसऱ्याचे नाव सुचवून चालत नाही, स्वतःचेच द्यावे लागते. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी, पुढच्या क्षमापना दिनापूर्वी, प्रत्येक कुटुंबाने आपला एक जुना वाद, एक दावा, एक अबोला स्वतः होऊन खाली ठेवावा, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. लेखात काही न्यूनाधिक अथवा शास्त्राज्ञेविरुद्ध लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र. जय जगत्.